ग्राफमध्ये 'वाचता न येणं' आणि 'न दिसणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

तुमची अडचण मला समजली ती अशी: विम्याचा ग्राफ आहे, म्हणजे नोड (नोंदी) आणि त्यांना जोडणाऱ्या रिलेशनशिप, आणि नोडवर ग्राहक, पॉलिसी, दावा, फोन, तपास अशी लेबलं, म्हणजे प्रकारांची नावं. कॉल सेंटरच्या लोकांना ग्राहक आणि दावे दिसायला हवेत, पण एखाद्या दाव्यावर तपास चालू आहे याचा त्यांना सुगावाही लागता कामा नये. तुम्ही निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमध्ये 'तपास' लेबलाच्या सगळ्या प्रॉपर्टींवर, म्हणजे नोडमधल्या माहितीवर, रीड डिनाय केलं, म्हणजे वाचायला मनाई केली, आणि तरीही टेस्टरने दोन मिनिटांत तपासाखालच्या दाव्यांची यादी हातात ठेवली. शिवाय विभागीय व्यवस्थापकाला फक्त त्याच्या विभागाचं दिसावं, आणि हे सगळं करून क्वेरी मंदावेल का, हेही विचारलंय.

टेस्टरने काही जादू केलेली नाही. दाव्यापासून निघणाऱ्या रिलेशनशिप मागितल्या, पलीकडचा नोड मागितला. नोड आला, प्रॉपर्टीच्या जागी नल, म्हणजे रिकाम्या किमती, आल्या. आत काही वाचता आलं नाही, पण नोड तिथे आहे एवढं कळलं, आणि तुमच्या बाबतीत गुपित तेवढंच होतं. टेबलांच्या सवयीने आपण कॉलम झाकतो आणि निश्चिंत होतो. ग्राफमध्ये जोडणी असणं हीच माहिती असते.

निओफोरजेत यासाठी दोन वेगळे अधिकार आहेत. ट्रॅव्हर्स म्हणजे नोड किंवा रिलेशनशिप सापडणं, तिच्यावरून पुढे जाता येणं. रीड म्हणजे प्रॉपर्टी वाचणं. मॅच हे दोन्हींचं जोडनाव. तुम्हाला ट्रॅव्हर्स डिनाय करायचंय, आणि तेही 'तपास' नोडवर आणि 'तपासाखाली' या रिलेशनशिपवर, दोन्हीवर. एकावर भागेल असा हिशेब करत बसू नका.

पण मी तुमच्या जागी असतो तर डिनायने सुरुवातच केली नसती. तुम्ही रीडर या तयार रोलची (अधिकारांच्या संचाची) कॉपी काढून त्यावर डिनाय लावत गेलात. रीडरला सगळा ग्राफ खुला असतो. उद्या कुणी 'तक्रार' नावाचं नवं लेबल आणलं की ते कॉल सेंटरला आपोआप दिसणार, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्यापेक्षा कोरा रोल घ्या आणि हवी तेवढीच लेबलं, हव्या तेवढ्याच प्रॉपर्टी ग्रँट करा, म्हणजे त्यांची परवानगी द्या. प्रॉपर्टींची नावं लिहायचा कंटाळा करू नका. एकाच नोडवर दोन लेबलं असतील, समजा ग्राहक आणि कर्मचारी, तर 'ग्राहक'वर सगळ्या प्रॉपर्टी दिल्यावर त्या माणसाचा पगारही त्यातच गेला. उलट ट्रॅव्हर्सचा डिनाय मात्र कोणत्याही एका लेबलावर असला तरी अख्खा नोड गायब होतो, कारण डिनाय नेहमी ग्रँटवर मात करतो. आणि रिव्होक म्हणजे मनाई नव्हे. ते फक्त आधी लिहिलेला ग्रँट किंवा डिनाय पुसतं. डिनाय रिव्होक करून 'आता पक्कं बंद झालं' म्हणणारे मी पाहिलेत.

आता आमची फजिती सांगतो. एका जुन्या प्रकल्पात अगदी तुमच्यासारखंच प्रकरण होतं. ट्रॅव्हर्स बंद केलं, टेस्ट हिरव्या झाल्या, सगळे खूश. आठवड्याने एका एजंटनेच विचारलं, "या दाव्यावर तपास संख्या १ म्हणजे काय हो?" कुणीतरी डॅशबोर्ड जलद चालावा म्हणून दाव्याच्या नोडवरच तपासांची संख्या साठवून ठेवली होती. दार बंद केलं आणि किल्ली पायपुसण्याखाली, असला प्रकार. परवानग्या लिहायच्या आधी गुपित गोष्टीची सावली आणखी कुठे कुठे पडलीय ते शोधा: मोजून ठेवलेल्या प्रॉपर्टी, 'स्थगित' सारख्या स्थिती, रात्रीच्या जॉबने काढलेले जोखमीचे गुण.

दुसरी सावली लिहिण्याच्या अधिकारातून पडते. समजा काही फोनवर 'संशयित' असं जादा लेबल आहे आणि ते एजंटपासून झाकलंय. एजंट ग्राहकाचा नंबर मर्जने, म्हणजे 'असेल तर घे, नसेल तर बनव' या कमांडने टाकतो. मर्जला तो नोड दिसतच नाही, म्हणून तो नवा बनवायला जातो. नंबरवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे एक नंबर एकदाच असा नियम, नसेल तर एकाच नंबरचे दोन नोड तयार होतात. कन्स्ट्रेंट असेल तर 'असा नोड आधीच आहे' म्हणून एरर येते, आणि शोधून न सापडणारा नंबर 'आधीच आहे' म्हटल्यावर एजंटला जे कळायचं ते कळतंच. आम्ही शेवटी एजंटचं थेट लिहिणं बंद केलं. नंबर एका सर्व्हिसकडे जातो, ती स्वतःच्या अधिकाराने लिहिते आणि एजंटला प्रत्येक वेळी एकच उत्तर देते: 'नोंद झाली'.

यावरूनच एक इशारा. नोड झाकला की त्याच्यावरून जाणारे मार्गही झाकले जातात, आणि एरर कुठेच येत नाही. 'या ग्राहकाशी जोडलेले ग्राहक' ही एकच क्वेरी तपास पथकाला सात नावं देईल, एजंटला चार. आमच्याकडे यावरून बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली होती. दोघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. अशा रिपोर्टवर कोणत्या रोलने चालवला ते छापा.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो: तुमचं ॲप्लिकेशन डेटाबेसला कोणत्या नावाने जोडतं? एकाच सर्व्हिस अकाउंटने जोडत असेल तर डेटाबेसच्या लेखी सगळे एकच माणूस, आणि वरची सगळी मेहनत पाण्यात. निओफोरजे ४.४ पासून ड्रायव्हरच्या (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीच्या) सेशनमध्ये दुसऱ्या युजरच्या वतीने, म्हणजे इम्पर्सोनेशनने, क्वेरी चालवता येते, ते वापरा. रोल एलडॅपच्या (कंपनीच्या युजर-डिरेक्टरीच्या) ग्रुपवरून येत असतील तर ऑथ कॅशची, म्हणजे साठवून ठेवलेल्या लॉगिन-माहितीची, मुदत बघून ठेवा. डिफॉल्ट १० मिनिटं असते, म्हणजे ग्रुपमधून काढलेला माणूस तेवढा वेळ आत राहू शकतो.

हे बारीक अधिकार ४.० मध्ये, २०२० साली आले, आणि फक्त एंटरप्राइझ आवृत्तीत. मोफत कम्युनिटी आवृत्तीत रोलच नाहीत. तिथे प्रत्येक युजर ॲडमिनच धरायचा. मग बंधन क्वेरीतच घालावं लागतं, आणि तिथे हमखास होणारी चूक म्हणजे मार्गाचं फक्त शेवटचं टोक तपासणं. ग्राहकापासून चार पायऱ्यांपर्यंत जा आणि शेवटचा नोड परवानगीतला असेल तर दाखवा, असं लिहिलं की मधला तपास नोड बिनबोभाट पूल बनतो. शेवटचा ग्राहक दिसायला हरकत नसते, पण तो तपासामुळे जोडलाय हे उघड होतं. अट मार्गावरच्या प्रत्येक नोडला आणि प्रत्येक रिलेशनशिपला लावा. युजरला स्वतःची क्वेरी लिहू देऊ नका. ठरलेल्या क्वेरी, आत फक्त पॅरामीटर, म्हणजे बाहेरून दिलेल्या किमती. ग्रेमलिन ही दुसरी ग्राफ-क्वेरी भाषा वापरणाऱ्यांना सबग्राफ स्ट्रॅटेजी मिळते, ती नोड आणि रिलेशनशिप दोन्हींवर गाळणी लावते, पण लोकांना मनाची ग्रेमलिन पाठवता येत असेल तर तेच ती स्ट्रॅटेजी काढूनही टाकू शकतात.

विभागाचं म्हणाल तर तीन वाटा आहेत. विभाग एकमेकांशी जोडलेलेच नसतील तर प्रत्येकाला वेगळा डेटाबेस, सगळ्यात निवांत. तुमच्या ग्राफमध्ये फोन विभाग ओलांडतात, म्हणजे ही वाट बंद. ५ मालिकेत प्रॉपर्टीच्या किमतीवर नियम लावता येतो: विभागाची किंमत अमुक असलेलेच नोड दाखवा. नियम एका प्रॉपर्टीवरच चालतो आणि नोडवरच, रिलेशनशिपवर नाही. ज्या प्रॉपर्टीवर नियम उभा आहे ती बदलण्याचा अधिकार त्या व्यवस्थापकाला चुकूनही देऊ नका, नाहीतर नियमाच्या चाव्या त्याच्याच खिशात. तिसरी वाट विभागाचं जादा लेबल. विभाग पाच-दहाच असतील आणि क्वचित बदलत असतील तर मी हीच घेईन. शेकड्यात गेले की लेबलांचं जंगल होतं.

जाता जाता, क्वेरी लॉगमध्ये पॅरामीटर डिफॉल्टने लिहिले जातात. ग्राफ झाकला आणि लॉग सगळ्या डेव्हलपरना खुला, हेही पाहिलंय.

वेगाबद्दल: हो, थोडा फरक पडतो, आणि मोजणीत सर्वात आधी जाणवतो. एरवी एका लेबलाचे नोड मोजायचे तर डेटाबेस तयार आकडा उचलून देतो. बंधन असलेल्या युजरसाठी तो आकडा खोटा ठरतो, मग एकेक नोड तपासत मोजावं लागतं. प्रॉपर्टीच्या नियमात तर प्रत्येक नोडची किंमत वाचावी लागते, लेबलाच्या नियमापेक्षा ते महाग. ॲडमिनने चालवून घेतलेल्या वेळा बघू नका. तुमच्या पाच सर्वात जड क्वेरी कॉल सेंटरच्याच युजरने, प्रोफाइल (क्वेरीने किती काम केलं ते दाखवणारी कमांड) लावून, प्रॉडक्शनएवढ्या डेटावर चालवा. आकडे इथे टाका, मग कुठे अडतंय ते बघू.