प्रकाशकांना पाठ्यपुस्तकं तयार करून देणारी छोटी कंपनी वाढवायची कशी? काम वाढतंय, माणसं घ्यावीत का?

माणसं नंतर, आधी कोटेशन सुधारा. मी बरीच वर्षं अशाच एका कंपनीत प्रकल्प संपादक आहे. तुमच्यासारख्या पाच-सहा जणांच्या कंपन्या काम नाही म्हणून क्वचितच अडचणीत येतात. पैसा जिरतो तो दुरुस्त्यांत.

तिसरीच्या गणिताचंच घ्या. '४८ रोपं ८ वाफ्यांत सारखी लावायची.' दुसऱ्या प्रूफवर प्रकाशकाचा सल्लागार लिहितो, 'मागच्या पानावर ८ येऊन गेलेत, इथे ९ करा.' दिसायला एक आकडा! पण ४८ला ९ने पूर्ण भाग जात नाही, आणि बाकी उरण्याचा धडा अजून तीन प्रकरणं लांब. म्हणजे ४८चे ५४ करा, चित्रकाराकडून नववा वाफा काढून घ्या, मग उत्तरसूची, शिक्षक हस्तपुस्तिका, ऑनलाइन प्रश्नसंच. एवढं करूनही दृष्टिहीन मुलांसाठी लिहिलेल्या चित्रवर्णनात 'आठ वाफे' तसेच राहतात. दर पानावर ठरला असेल तर ही सगळी मेहनत तुमच्या खिशातून. म्हणून दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरा, पुढचं काम तासावर लावा, आणि मजकूर कोणत्या तारखेनंतर बदलायचा नाही हे करारातच लिहून घ्या. प्रकाशक कुरकुरतात, पण सहीआधी मागितलं तर बहुतेक जण मान्य करतात.

आता माणसांचं. हे काम लाटेसारखं येतं. अमेरिकेत २०१०मध्ये कॉमन कोअर मानकं (कोणत्या इयत्तेत काय यायला हवं याची यादी) आली आणि गणित-भाषेची पुस्तकं एकदम नव्याने करायची वेळ आली. अशी लाट ओसरली की पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. पगारावर प्रकल्प सांभाळणारा, स्टाइल शीटवर (पुस्तकाच्या लेखननियमांच्या यादीवर) पकड असलेला संपादक आणि मांडणी करणारा एवढेच ठेवा. लेखक, चित्रकार, प्रूफ वाचणारे बाहेरचे. चांगला फ्रीलान्सर टिकतो तो वेळेवर मिळणाऱ्या पैशामुळे, मग तुमचं बिल प्रकाशकाकडे अडकलेलं का असेना. तेवढी गंगाजळी हवीच. आणि शेवटचा हप्ता छपाईशी बांधू नका, अंतिम फायली दिल्या की मागा. छपाई कधी होईल ते तुमच्या हातात नसतं.

एकाच प्रकाशकावर निम्म्याहून जास्त धंदा नको, हे तुम्हाला माहीत असेलच. दोन असले तरी निर्धास्त राहू नका. २००७मध्ये हॉटन मिफ्लिन या अमेरिकन प्रकाशकाने हारकोर्ट या दुसऱ्या प्रकाशकाचा शालेय पुस्तकांचा व्यवसाय विकत घेतला; दोघांकडे काम करणाऱ्यांचे दोन ग्राहक एका फटक्यात एक झाले.

नवं काम कुठे शोधायचं? माझं मत विचाराल तर सुगम्यतेत, म्हणजे दिव्यांग वाचकांनाही पुस्तक वापरता येईल असं करण्यात. युरोपात विकल्या जाणाऱ्या ई-बुकांना त्याचे नियम २८ जून २०२५पासून लागू झालेत. चित्रवर्णनं, गणिती सूत्रांचं मार्कअप (सूत्र वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळेल असं लिहिणं), वाचनक्रम ही कामं प्रकाशकांकडे पडून आहेत, आणि धड्यात ते चित्र कशासाठी आहे हे ज्याला कळतं त्यालाच ती नीट जमतात. तुमच्या संपादकांना ते आधीच कळतं.