चेनसॉचा जाम झालेला पिस्टन आणि पाव किमतीतला संच

प्रश्न : मुळशी तालुक्यात आमची आंब्याची लहान बाग आहे. वाळलेली झाडे कापण्यासाठी सहा वर्षांपूर्वी घेतलेला पेट्रोलवरचा चेनसॉ गेल्या महिन्यात कापता कापताच जाम झाला. कंपनीच्या सेवा केंद्राने सिलिंडर-पिस्टनचा मूळ संच बदलायला सांगितला असून त्याला नव्या यंत्राच्या जवळपास निम्मा खर्च येतो. रविवार पेठेतील एका दुकानदाराकडे तसाच संच त्याच्या पाव किमतीत आहे आणि ‘सेम टू सेम आहे, साहेब’ असे तो छातीठोकपणे सांगतो. काय करावे?
— एक वाचक, पौड

उत्तर : यंत्र जाम का झाले, हे कळल्याशिवाय यांपैकी कोणताही संच घेऊ नका, कारण मूळ दोष तसाच राहिला, तर महागडा संचही काही दिवसांत त्याच वाटेने जाईल. सायलेन्सर काढून आतल्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहा. ओरखडे सगळीकडून असतील, तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालायचे राहिले असण्याची शक्यता मोठी असते. (अनेक यंत्रांना एका लिटरला २० मिलिलिटर लागते, तरी आपल्या यंत्राचे प्रमाण पुस्तिकेत पाहावे.) ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील, तर इंजिन कुठून तरी जादा हवा ओढत असावे आणि पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पोचून पिस्टन तापला असावा. ही हवा बहुधा क्रँकच्या झिजलेल्या ऑइल सीलमधून किंवा कार्बोरेटरमागच्या चिरलेल्या रबरी नळीतून शिरते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुन्या यंत्रांतील रबराला ते मानवत नाही. त्यामुळे महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवून देण्याची सवयही तपासून पाहावी.

आता सिलिंडरविषयी. तो फेकून देण्याची घाई करू नका, कारण आतील भिंतीवर दिसणारे पट्टे हे पुष्कळदा सिलिंडरचे ओरखडे नसून पिस्टनचे वितळून चिकटलेले ॲल्युमिनियम असते. सिलिंडरच्या आत कठीण मुलामा असतो. तो शाबूत असेल, तर अनुभवी मिस्त्री हे ॲल्युमिनियम कापसाच्या बोळ्याने सौम्य ॲसिड लावून काढतो. (हे काम घरी करू नये, मुलामा उडालेल्या जागी ॲसिड सिलिंडरलाच खाते.) साफ केल्यावर भिंतीवरून नख फिरवावे आणि ते कुठे अडकले नाही, तर मूळ सिलिंडर ठेवून केवळ चांगल्या बनावटीचा बाजारातला पिस्टन आणि रिंग घालावी. माझ्या मते आपल्यासाठी हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा आहे, कारण स्वस्त संचात पिस्टनपेक्षा सिलिंडरच अधिक दगा देतो. त्याच्या खिडक्यांच्या (म्हणजे मिश्रण आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या भोकांच्या) कडा नीट घासलेल्या नसतात, त्यांत रिंग अडकते आणि पातळ मुलाम्याचे पापुद्रे निघू लागतात. पिस्टनची पिन धरून ठेवणारी सर्क्लिप मात्र कंपनीचीच घालावी, कारण संचातली मऊ क्लिप निसटली, तर वाचवलेला सिलिंडरही जातो.

ऑइल सील, कार्बोरेटरचे डायफ्राम (आतले पातळ पडदे) आणि चेन ब्रेकचे सुटे भाग यांतही काटकसर करू नये. स्टार्टरची दोरी किंवा टाकीचे झाकण बाजारातले चालते. एअर फिल्टरही चालतो, मात्र तो नेमका बसला पाहिजे. कडेला फट राहिली, तर लाकडाचा भुसा थेट इंजिनात जातो.

प्रश्न : मग साखळीही दुसऱ्या कंपनीची चालेल का?
— एक वाचक, भोर

उत्तर : अवश्य चालेल. ‘मूळ कंपनीची नाही’ म्हणजे ‘डुप्लिकेट’ असे नव्हे. १९४७ पासून चेनसॉच्या साखळ्या बनवणाऱ्या ओरेगॉनचा माल कित्येक ब्रँडच्या यंत्रांवर बसतो. फक्त पिच (म्हणजे दुव्यांमधले अंतर), खाचेत बसणाऱ्या दुव्याची जाडी आणि अशा दुव्यांची संख्या या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. बहुतेक पट्ट्यांवर, म्हणजे गाइड बारवर, मागच्या टोकाला हे आकडे कोरलेले असतात. ते पुसले गेले असतील, तर जुनी साखळी दुकानात घेऊन जावे आणि तिची लांबी न मोजता खाचेत बसणारे दुवे मोजावेत, कारण वापरलेली साखळी ताणलेली असते.