पातळ लॅपटॉप, जाड हप्ता

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ आधी घेतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय: "हप्ता बिनव्याजी आहे, मग सगळ्यात वरचाच का घेऊ नये?"

बाकीच्या वाचकांसाठी परिस्थिती थोडक्यात सांगतो. तुम्ही घरून अनुवाद आणि सबटायटलिंग करता, महिन्यातले आठ-दहा दिवस प्रवासात जातात. आत्ताचा लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, बॅटरी पाऊण तासात मान टाकते. हलका, पातळ लॅपटॉप हवाय आणि चार पर्याय काढलेत, नावं आतल्या प्रोसेसरची: एएमडीचा रायझन ५ ७५२०यू (८ जीबी मेमरी, म्हणजे रॅम), स्नॅपड्रॅगन एक्स प्लस (१६ जीबी), इंटेलचे दोन, कोअर अल्ट्रा ५ २२६व्ही (१६ जीबी) आणि कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही (३२ जीबी). किमती सोप्या पडाव्यात म्हणून सगळ्यात स्वस्ताला १०० धरतो. मग स्नॅपड्रॅगन १५०, अल्ट्रा ५ चा १६० आणि अल्ट्रा ७ चा २१५. त्याच मापात तुमचा महिन्याचा खर्च ६०, सरासरी बचत १२, लॅपटॉपसाठी बाजूला ठेवलेले १३० आणि अडीअडचणीचा निधी चार महिन्यांच्या खर्चाइतका. रोख घेतलात तर विक्रेता ६ टक्के सूट देतोय, नाहीतर २४ बिनव्याजी हप्ते.

आता तो बिनव्याजी शब्द. रोखीला जी सूट मिळते आणि हप्त्याला मिळत नाही, तेच व्याज. २१५ चा लॅपटॉप रोखीने २०२ ला पडतो. म्हणजे तुम्ही २०२ उसने घेऊन २१५ फेडताय, दरमहा साधारण ९ प्रमाणे. हिशोब मांडला तर वर्षाला ६ टक्क्यांच्या आसपास दर येतो, वर प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. गंमत म्हणजे हाच लॅपटॉप १२ हप्त्यांत घेतला तर दर जवळपास दुप्पट, १२ टक्क्यांकडे जातो, कारण तेवढीच सूट तुम्ही निम्म्या मुदतीच्या उधारीसाठी गमावता. "लवकर फेडलं म्हणजे स्वस्त पडतं" हे इथे उलटं होतं.

खरं सांगायचं तर ६ टक्के दर काही सावकारी नाही. शिवाय हप्ता घेतलात तर तुमचे १३० तुमच्याकडेच राहतात, त्यामुळे हप्ता चुकण्याची भीतीही फारशी नाही. मला काळजी वेगळीच वाटते. हप्त्यामुळे २१५ ची वस्तू ९ ची वाटायला लागते, आणि ९ मध्ये "त्यात काय एवढं" असतं. तुमची सरासरी बचत १२ आहे, आणि गेल्या वर्षी तीन महिने बचत शून्य होती असं तुम्हीच लिहिलंय. बारातले नऊ दोन वर्षं आधीच बांधून टाकायचे, तर त्या बदल्यात काय मिळतंय ते तरी नीट पाहू.

स्वस्तातल्यापासून सुरू करतो. रायझन ५ म्हटलं की माणसाला मधल्या फळीतला, भरवशाचा प्रोसेसर आठवतो. पण ७५२०यू हा नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असा प्रकार आहे. एएमडीच्या ७००० आणि ८००० च्या लॅपटॉप प्रोसेसरांत तिसरा आकडा बघायचा असतो, आतली रचना कुठली ते तो सांगतो. ७५२० मधला तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, मूळची २०१९ ची रचना, चार कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग). ७५३०यू असता तर झेन ३ आणि सहा कोअर. ७५४०यू असता तर झेन ४. तिन्हींच्या डब्यावर रायझन ५ असंच ठळक छापलेलं. (नव्या 'रायझन एआय' नावांत ही खूण राहिली नाही, तिथे हा नियम लावू नका.) त्यातून ७५२०यू सोबत जी मेमरी येते ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. आज ८ घेतली की ८ वरच सगळा संसार.

या ८ जीबीशी माझं जुनं वैर आहे. काही वर्षांपूर्वी मीही असाच एक पातळ लॅपटॉप घेतला होता, प्रोसेसर तेव्हाचा तगडा आणि मेमरी ८. "नंतर वाढवू" हा माझा हिशोब. वर्षभरात एक मोठी एक्सेल, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब आणि एक व्हिडिओ कॉल एवढ्यावर तो धापा टाकायला लागला. दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने मागचे स्क्रू काढले, झाकण उचकटलं, टॉर्च मारून बोर्डावरचे काळे चौकोन दाखवले आणि म्हणाला, "ही बघा तुमची रॅम. काढून दाखवा." जागाच नव्हती, खाचही नव्हती. दीड वर्षात मिळेल त्या भावाला विकला. तोटा प्रोसेसरने केला नाही, मी केला, जी गोष्ट नंतर बदलता येणार नव्हती तिथेच हात आखडता घेऊन.

तुमच्या यादीतल्या दोन्ही इंटेल प्रोसेसरांत ही गोष्ट आणखी पक्की आहे. २०२४ च्या सप्टेंबरात आलेल्या या 'व्ही' मालिकेत मेमरी थेट प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली असते. मॉडेलच्या आकड्यातच ती लिहिलेली आहे: शेवटी ६ असेल तर १६ जीबी, ८ असेल तर ३२. म्हणून २२६व्ही म्हणजे १६ आणि २५८व्ही म्हणजे ३२. तुम्ही "५ की ७" असं विचारलंय, पण किमतीतला फरक दोन गोष्टींचा आहे, एक ७ चा आणि एक ३२ चा. विक्रेता त्या एका मोळीत बांधून दाखवतो. आपण मोळी सोडू.

आधी ७. दोघांत आठच कोअर आहेत, चार मोठे आणि चार छोटे. कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ विरुद्ध ४.८, म्हणजे जेमतेम सात टक्के. ७ मध्ये कॅशे मेमरी (प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी, वेगवान मेमरी) ८ ऐवजी १२ एमबी, ग्राफिक्सचे भाग सातऐवजी आठ. आणि हा कमाल वेग काही क्षणांचा असतो. दोन्ही प्रोसेसरांची मूळ वीजमर्यादा १७ वॅट, जोर लावला तर काही काळ ३७. लांबलेल्या कामात वेग ठरवते ती उष्णता बाहेर टाकायची सोय, आणि पातळ लॅपटॉपमध्ये तीच कमी असते. वीस मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावा, पहिल्या काही मिनिटांनंतर पंखा बोंबलायला लागेल आणि मग चांगल्या पंख्याचा ५ हा दमलेल्या ७ ला गाठू शकतो. तुमचं काम तर त्याहून हलकं: वर्ड, ट्राडोस (अनुवादकांचं सॉफ्टवेअर), ब्राउझर, सबटायटलच्या खिडकीत चालणारा व्हिडिओ. त्यातला बराच वेळ प्रोसेसर तुम्ही पुढचं वाक्य सुचण्याची वाट बघताय म्हणून रिकामा बसलेला असतो.

आता ३२ जीबी. हा खर्च मला उधळपट्टी वाटत नाही, पण तुम्ही दिलेल्या कामाच्या यादीला १६ पुरते. पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हिडिओ एडिटिंगकडे वळायचा खरोखर विचार असेल तर २२८व्ही शोधा. तोच ५, पण ३२ जीबीचा. तो सगळीकडे सहज मिळत नाही, कारण लॅपटॉप बनवणाऱ्यांना ३२ जीबी ही ७ सोबतच विकायला आवडते.

दुकानात २५५यू, २५६व्ही आणि २५५एच अशी नावं शेजारीशेजारी दिसतील. आकडा जवळचा, घराणी तीन वेगळी. एच जास्त वीज खातो आणि जास्त काम उपसतो, जाड, चांगल्या पंख्याच्या यंत्रात शोभतो. कोणी "त्याच किमतीत एच देतो" म्हणालं तर तुमच्यासाठी ती भेट नाही. प्रवासात तुम्ही बॅटरीवर असता आणि तो हिशोब साधा आहे: बॅटरी ६० वॅट-तासांची आणि यंत्र सरासरी ६ वॅट ओढत असेल तर दहा तास, १० वॅट ओढत असेल तर सहा तास. "२२ तासांपर्यंत" असली वाक्यं सोडून द्या, बॅटरी किती वॅट-तासांची आहे ते विचारा.

स्नॅपड्रॅगन तुम्ही दहाने स्वस्त म्हणून ठेवलाय. बॅटरीच्या बाबतीत तो उत्तम आहे, आणि चार्जर काढल्यावर त्याचा वेग फारसा पडत नाही हा त्याचा खरा गुण. पण तो एआरएम जातीचा आहे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा. जुने प्रोग्रॅम विंडोज दुभाष्यासारखं भाषांतर करून चालवतं, आणि भाषांतरात काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. ड्रायव्हरांना (जोडलेली उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) मात्र तीही सोय नाही, ते एआरएमसाठीच लिहिलेले असावे लागतात. तुम्ही लायसन्सचं यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारी किल्ली) वापरता, आणि एका ग्राहकाचा व्हीपीएन (त्याच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित मार्ग) लावल्याशिवाय त्याच्या फायली उघडत नाहीत. त्या दोन कंपन्यांकडून "एआरएमवर चालतं" असं लेखी उत्तर आलं तरच हा पर्याय. नाहीतर दहा वाचवून तुमचा सगळ्यात नियमित ग्राहक पणाला लावल्यासारखं होईल.

मैत्रिणीने सुचवलेला मॅकबुक एअर यंत्र म्हणून छान आहे, त्याच्या एम४ प्रोसेसरच्या मॉडेलमध्ये पंखासुद्धा नाही, आणि जुना विकताना भावही बरा येतो. पण ट्राडोस स्टुडिओ विंडोजवरच चालतं. विषय संपला. आणि "एआय पीसी"च्या स्टिकरसाठी वेगळे पैसे मोजू नका. तुमचं मशीन ट्रान्सलेशन इंटरनेटवरच्या सर्व्हरवर होतं, लॅपटॉपच्या पोटात नाही.

आता पैशाकडे. सगळं रोखीच्या भावात धरतो: ७५२०यू ९४, अल्ट्रा ५ चा १५०, अल्ट्रा ७ चा २०२. अल्ट्रा ५ पाच वर्षं वापरलात तर वर्षाला ३० पडतात. त्याच दराने अल्ट्रा ७ परवडायचा तर तो पावणेसात वर्षं टिकायला हवा. तेवढ्यात बॅटरी एकदा बदलावी लागेल, बिजागऱ्या सैल होतील, आणि लॅपटॉप नेहमी वेग कमी पडला म्हणून जातो असंही नाही. तुमचा आत्ताचाच बघा. टायपिंगला तो अजून पुरतो. पण विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलची सातवी पिढी, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, नाही. २०१७ मध्ये तुम्ही आय५ ऐवजी आय७ घेतला असता तरी आज इथेच असता. राहिला ७५२०यू. ३० चा दर गाठायला तो तीन वर्षं चालला तरी पुरे, पण ८ जीबीत ट्राडोस, व्हिडिओ आणि ब्राउझर एकत्र चालवताना दुसऱ्याच वर्षी तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

तेव्हा माझं मत: अल्ट्रा ५ २२६व्ही, रोखीने, आणि आत्ताच. १३० आहेतच, कमी पडतात ते २० निधीतून काढा आणि पुढच्या दोन महिन्यांच्या बचतीतून तिथेच परत टाका. २४० च्या निधीतून २० तात्पुरते काढायला मी अडवणार नाही, कामाचं हत्यार बंद पडणं हीही अडचणच आहे. अल्ट्रा ७ रोखीने घ्यायचा तर ७२ काढावे लागतील. ते भरायला सहा महिने, आणि तेही मधे एकही कोरडा महिना आला नाही तर.

अल्ट्रा ७ न घेतल्याने वाचलेल्या ५२ मधले थोडे मात्र खर्च करायला सांगणार आहे. तुमची महिन्याची कमाई ७२ धरली तर लॅपटॉप आठ दिवस दुरुस्तीला गेला की १९ बुडतात, म्हणजे पाच आणि सातमधल्या फरकाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. म्हणून घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी तीन वर्षांची करून घ्या, आणि पडझड त्यात धरलीय का ते विचारा. प्रवासात लॅपटॉप जुना होऊन मरत नाही, हातातून निसटून मरतो.

डबा उघडला की विक्रेत्यासमोरच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा आणि टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये जा. प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि मेमरी तिथे दिसते. नाव २२६व्ही आणि मेमरी १६ असेल तरच पैसे द्या. जुन्या लॅपटॉपवर बँकेचं लॉगिन आजपासून बंद करा. तो विकून हातात फारसं काही येणार नाही, त्यापेक्षा त्याची ड्राइव्ह काढून बाहेरच्या केसमध्ये घाला, बॅकअपची सोय जवळपास फुकटात होईल.