लागोसला माणसं पाठवताय? शहराची गुणपत्रिका अशी वाचा

प्रश्न : आमच्या चाकणच्या कारखान्यातून चार जण २ वर्षांसाठी नायजेरियात लागोसला जाणार आहेत, त्यातले दोघे कुटुंबासह. राहण्यायोग्य शहरांची जागतिक यादी बघून ‘हार्डशिप अलाउन्स’ (खडतर ठिकाणी राहण्याचा जादा भत्ता) ठरवा, असं वरिष्ठ सांगतात. यादीतून नेमकं काय घ्यायचं?
– एचआर अधिकारी, पुणे

उत्तर : गुण घ्या, क्रमांक सोडून द्या. दुसरी शहरं वर-खाली झाली की क्रमांक हलतो, भले तुमच्या शहरात काडीचाही फरक पडलेला नसो. ही यादी काढणारी, ‘द इकॉनॉमिस्ट’ समूहाची संशोधन शाखा इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट (ईआययू) १७३ शहरांना १०० पैकी गुण देतं. स्थैर्य (म्हणजे गुन्हेगारी, अशांतता किती कमी) २५ टक्के, आरोग्यसेवा २०, संस्कृती व पर्यावरण २५, शिक्षण १० आणि पायाभूत सुविधा २०, असं त्याचं वजन. भत्त्यासाठी त्यांनीच सुचवलेला तक्ता असा : ८० च्या वर काही नाही, ७० ते ८० ला पगाराच्या ५ टक्के, ६० ते ७० ला १०, ५० ते ६० ला १५ आणि त्याखाली २०. लागोसचे गुण पन्नासच्या खाली आहेत, म्हणजे २० टक्के. टक्केवारी बेसिकवर (मूळ पगारावर) की सीटीसीवर (कंपनीच्या एकूण खर्चावर), हे पत्रात स्पष्ट लिहा; वाद बहुतेक तिथेच होतात.

पण भत्ता दिला म्हणजे काम संपलं नाही. एकूण गुण फसवे असतात. समजा, दोन शहरांना ६२-६२ गुण आहेत. पहिल्याचे स्थैर्यात ८०, आरोग्यात ४०, संस्कृतीत ६०, शिक्षणात ६०, सुविधांत ६५. दुसऱ्याचे त्याच क्रमाने ४०, ७०, ६०, ८०, ७५. दोन्हीकडे भत्ता १० टक्केच. पहिल्या शहरात मात्र गंभीर आजारी माणसाला विमानाने दुसऱ्या देशात हलवण्याचा विमा लागेल, तर दुसऱ्यात भरवशाचा ड्रायव्हर आणि सुरक्षित सोसायटी. म्हणून पाचही रकाने सुटे मागवा आणि पन्नासच्या खालच्या प्रत्येक रकान्यापुढे पैसे नव्हे, सोय लिहा.

लागोसपुरतं सांगायचं तर घरापासून सुरुवात करा. तिथे घरमालक वर्षाचं, कधी दोन वर्षांचं भाडं एकदम मागतात. ते कंपनीनेच भरावं, कर्मचाऱ्याच्या खिशातून आधी काढू नये. घर बघायला जाणाऱ्याने विचारायचं : जनरेटर रोज किती तास चालतो, डिझेल कोणाच्या खर्चाने, बोअरचं पाणी गाळून येतं का? काम मुख्य भूमीवरच्या इकेजा भागात असेल, तर पाण्यापलीकडच्या व्हिक्टोरिया आयलंडचं देखणं घर घेऊ नका. मधला थर्ड मेनलँड ब्रिज जेमतेम १२ किलोमीटरचा, पण सकाळच्या ‘गो-स्लो’त, म्हणजे वाहतूक कोंडीत, माणूस तिथेच अडकतो. सरासरी गुण शहराचे असतात, गल्लीचे नव्हेत.

पीतज्वराची (यलो फीव्हर) लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यायला लावा. प्रमाणपत्र त्यानंतरच वैध होतं, आणि ते नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात राहावं लागू शकतं. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना त्याच भेटीत विचारून घ्यावं.

प्रश्न : मला व्हिएन्नाला पाठवत आहेत. ‘जगातलं उत्तम शहर, त्यामुळे भत्ता शून्य,’ असं कंपनी म्हणते. हे बरोबर आहे का?
– अभियंता, नाशिक

उत्तर : हार्डशिपपुरतं बरोबर आहे. २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं व्हिएन्ना ईआययूच्या यादीत पहिलं होतं. पण ही यादी महागाई मोजतच नाही. घरभाडं आणि महागाई भत्ता हे हिशेब वेगळे, ते वेगळेच मागा.

व्हिएन्नाची महापालिकेची स्वस्त घरं जगभर नावाजलेली आहेत, पण त्यांच्यासाठी शहरात २ वर्षांचं नोंदणीकृत वास्तव्य लागतं. तुमच्या वाट्याला खासगी बाजारच येणार. तिथे साधारण ३ महिन्यांचं भाडं अनामत म्हणून द्यावं लागतं, तेव्हा ती रक्कम कंपनीकडून उचल म्हणून मिळेल का, ते जाण्याआधी लेखी घ्या. राहायला गेल्यावर ३ दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची असते. तो कागद पुढे जागोजागी मागतात.

प्रश्न : अहवाल वर्षातून एकदा येतो. मधेच परिस्थिती बिघडली तर?
– वाचक, ठाणे

उत्तर : तर अहवाल उपयोगाचा नाही. २०२२ मध्ये युद्धामुळे कीव्हचं सर्वेक्षणच अर्धवट राहिलं आणि शहर यादीतून वगळावं लागलं. म्हणून करारात दोन ओळी हव्यातच. परिस्थिती बिघडली किंवा गुण घसरले तर भत्ता त्याच महिन्यापासून वाढेल. गुण सुधारले तर चालू नेमणूक संपेपर्यंत कमी होणार नाही. नाहीतर ५९.८ चे ६०.२ झाले म्हणून एक लाखाच्या बेसिकवर महिन्याला ५,००० रुपये कापले जातात, आणि वीज मात्र पूर्वीइतकीच जात असते.