प्रकल्पाचा प्रश्न आधी लहान कर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. ‘सहकारी बँकांची सायबर सुरक्षा’ हा विषय पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या एका सत्रात मावणार नाही. त्यातला एकच प्रश्न घे, आणि तोही असा की ज्याचे उत्तर कोणाच्याही यंत्रणेत न शिरता मिळेल. बँकेच्या सर्व्हरवर लेखी परवानगीवाचून उणिवा शोधणारा स्कॅनर चालवण्याचा टप्पा आजच काढून टाक. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना केलेल्या प्रवेशाला लागू होते, आणि ‘मी अभ्यासासाठी केले’ एवढ्याने त्यातून सुटका होत नाही.

मला सुचणारा प्रश्न असा: रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर जाण्यास सांगितले होते, मग महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांच्या जुन्या डोमेनच्या नावाने बनावट ई-मेल पाठवणे आज कितपत शक्य आहे? ठेवीदारांच्या ओळखीचा पत्ता जुनाच आहे, म्हणून हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. त्याचे बरेचसे उत्तर डीएनएसमधील, म्हणजे डोमेनची माहिती देणाऱ्या इंटरनेटवरील नोंदवहीतील, सार्वजनिक नोंदींत मिळते. त्या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवावा हे एसपीएफ ही नोंद सांगते, आणि पडताळणीत न उतरलेल्या मेलचे काय करावे हे डीमार्क ही नोंद सांगते.

मात्र नोंद असणे वेगळे आणि तिने संरक्षण देणे वेगळे. तुझ्या प्रकल्पाचा कस तिथेच लागेल. डीमार्कचे धोरण ‘नन’ (काहीच करू नका) असेल, तर ती नोंद मेल अडवायला सांगतच नाही. एसपीएफ तपासताना १० पेक्षा अधिक डीएनएस शोध घ्यावे लागले, तर ती पडताळणी त्रुटी दाखवून थांबते. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही; ती तपासण्याची किल्ली सिलेक्टर या, पाठवणाऱ्याने ठरवलेल्या नावाखाली ठेवलेली असते आणि ते नाव बाहेरून खात्रीने कळत नाही, म्हणून किल्ली सापडली नाही एवढ्यावरून ‘डीकेआयएम नाही’ असा निष्कर्ष लिहू नकोस.

स्क्रिप्ट लिहिण्याआधी २० बँकांच्या नोंदी स्वतः एकेक करून वाच. प्रत्येकीसमोर तारीख आणि वेळ टाक, कारण या नोंदी बदलत असतात. अहवालात बँकांची नावे नकोत; गंभीर उणीव दिसली, तर आधी त्या बँकेला आणि सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला कळव.

या नोंदींचा तक्ता झाला की पाठव. ज्या नोंदी संरक्षण देणाऱ्या की नुसत्या असलेल्या, यांपैकी कोणत्या गटात घालाव्यात हे ठरवता आले नाही, त्या वेगळ्या काढून ठेव. आपण त्यांच्यापासूनच बोलायला सुरुवात करू.

कळावे.