जंतू गेले, पोट अजून रुसलेलंच

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मग पोट का सुधारत नाही? आत काही राहिलं असेल का?" पोटाच्या संसर्गातून उठलेली माणसं हा प्रश्न घेऊन वारंवार येतात. या चौतिशीच्या बाईही तोच प्रश्न घेऊन आल्या. पाच आठवड्यांपूर्वी त्यांना चार दिवस उलट्या, जुलाब आणि ताप झाला होता. आता ताप नाही, शौचात रक्त नाही, दीड किलो उतरलेलं वजन तिथेच थांबलेलं. डॉक्टरांनी जिआर्डियासकट (हा आतड्यात राहणारा परजीवी) शौचाची आणि रक्ताची तपासणी करून घेतली होती, त्यात काही निघालं नव्हतं. तरी रोज सकाळी तीनदा पातळसर शौच, जेवल्यावर पोट फुगणं आणि गुरगुर चालूच.

त्यांना तीन दिवसांची वही लिहायला सांगितली: तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, वेळ, आणि शौच कधी व कसं झालं. वहीत जेवण थोडं आणि पथ्य फार होतं. दोन वेळा नुसता मऊ भात. त्याखेरीज ताकद यावी म्हणून दोन ग्लास दूध, पाणी कमी पडू नये म्हणून सफरचंदाचा तयार रस, तोंडाला चव नाही म्हणून दिवसाला पाच-सहा शुगरफ्री च्युइंगम. शिवाय रोज ओआरएस, तेही एक लिटरचं पाकीट एका ग्लासात!

खरी गोम इथेच होती. संसर्गात लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्या येतात, पण दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर पुरेसं तयार व्हायला कधी कधी कित्येक आठवडे जातात. तोवर ती साखर न पचता मोठ्या आतड्यात पोचते, पाणी ओढून घेते आणि तिथल्या जिवाणूंमुळे आंबून वायू करते. एका ग्लास दुधात, म्हणजे २५० मिलिलिटरमध्ये, ती साधारण १२ ग्रॅम असते. सफरचंदाच्या रसातलं जास्तीचं फ्रुक्टोज (फळातली साखर) आणि सॉर्बिटॉल (साखरेसारखा गोड पदार्थ) हेच करतं, च्युइंगममध्येही बहुधा सॉर्बिटॉलच असतं. घट्ट कालवलेलं ओआरएस तर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवतं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्यायचं, आणि जुलाब थांबल्यावर ते रोज पिण्याचं पेय नाही. या बाईंची काळजी खरी होती, पण पोट बिघडवत होतं ते काळजीपोटी घेतलेलं.

दोन आठवडे दूध, रस, च्युइंगम आणि ओआरएस बंद केलं. दही चाललं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली काही साखर आधीच फोडतात. मात्र जेवण वाढवलं: अंडी, शिजवलेल्या भाज्या, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. आठवडे आठवडे नुसत्या भातावर राहिलं तर पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत, अशक्तपणा वाढतो आणि तो आजाराचाच वाटतो. शौच बांधून यावं म्हणून रोज एक छोटा चमचा इसबगोल, भरपूर पाण्यात, कालवल्याबरोबर पिऊन टाकायचं. सुरुवातीलाच तीन चमचे घेतले की वायूच जास्त होतो.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पुन्हा घ्याव्यात का, हेही त्यांनी विचारलं. नाही. त्या गोळ्यांनी आतड्यातले उपयोगी जिवाणूही मरतात आणि नवे जुलाब सुरू होऊ शकतात.

सकाळच्या तीन फेऱ्यांचा उलगडा वेगळा निघाला. उठल्यावर आणि खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप जोरात हलतं. त्यात ऑफिसला निघायच्या आधी "एकदा होऊन जाऊ दे" म्हणून त्या कळ नसताना बसून कुंथत होत्या. खरी कळ आली तरच जायचं, पाच मिनिटांत उठायचं, मोबाइल बाहेर ठेवायचा, एवढं ठरलं. संसर्गानंतर आतड्याच्या नसा काही काळ हळव्या राहतात, त्यामुळे नेहमीचा वायूही कळ मारल्यासारखा जाणवतो. हे मनाचे खेळ नव्हेत. साधारण दहातल्या एकाला हा त्रास महिनोन् महिने राहतो, त्याला संसर्गोत्तर आयबीएस, म्हणजे संसर्गानंतर आतडं हळवं राहण्याचा विकार, म्हणतात. मनावरच्या ताणाने तो वाढतो, पण त्यामुळे तो काल्पनिक ठरत नाही.

नवव्या दिवशी फुगणं कमी झालं. पंधराव्या दिवसापासून जेवणासोबत ५० मिलिलिटर दूध, तीन दिवस तेवढंच, मग १००. एका वेळी एकच पदार्थ परत आणला, नाहीतर कशाने बिघडलं ते कळतच नाही. २०० वर गुरगुर झाली, म्हणून तेवढंच दूध दोन वेळांत विभागलं. मध्येच एका धावपळीच्या दिवशी पातळ शौच झालं आणि त्या घाबरल्या, पण दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर होतं.

डॉक्टरांकडे परत कधी जायचं, तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं होतं: शौचात रक्त किंवा काळं शौच, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, वजन उतरत राहणं, लघवी कमी होणं किंवा उभं राहिल्यावर चक्कर. यातलं काहीच झालं नाही. दहाव्या आठवड्यात त्या दोन्ही वेळचं दूध बिनत्रास पीत होत्या. च्युइंगम एकदा खाऊन पाहिलं, संध्याकाळी पोट वाजलं, तेवढं वहीत टिपून त्यांनी ते सोडलं.