घामाने कमावलेली बिअर

"रविवारी सकाळी सायकल, दुपारी पब. मॅडम, हे व्यसन आहे का?" पुण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता मनगटावरचं सायकलिंगचं घड्याळ दिसलं की अंदाज येतो. विचारणारी बहुतेकदा बायको असते, क्वचित आई. नवरा शेजारी छताकडे पाहत बसलेला. खालचं जोडपं अशा अनेकांचं मिळून झालेलं आहे, आणि बऱ्याच बैठकींतलं मोजकंच सांगते आहे.

तो चाळिशीचा, आयटीतला. रविवारी पहाटे साडेपाचला निघून खडकवासल्यावरून सिंहगडाचा घाट चढायचा, उतरल्यावर मिसळ, बाराला मित्रांसोबत पब, तीनला घरी, मग सहापर्यंत झोप.

"मी दारू पीत नाही," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "बिअर पितो. तीही दोनच. आणि ती घामाने कमावलेली असते."

शेवटचं वाक्य मी वहीत टिपून ठेवलं. आधी 'दोनच'चा हिशेब मांडला. 650 मिलीची स्ट्राँगची बाटली, लेबलवर साडेसात टक्के. म्हणजे सुमारे 49 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात 38 ग्रॅम. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या स्मॉल पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम असतं. दोन बाटल्या म्हणजे साडेसात पेग! त्याने स्वतःच्या फोनवर गुणाकार पुन्हा करून पाहिला. शरीर तासाला 7 ते 10 ग्रॅमच निकाली काढतं, त्यामुळे दुपारची ती बिअर रात्री आठ-अकरापर्यंत अंगात राहते. तीनला सायकलवरून घरी येणारा माणूस 'उतरलेला' नसतो, हे बायकोला हिशेबाशिवायच कळत होतं.

तिला मी विचारलं, नेमकं काय खटकतं?

"बिअर नाही हो. माझा रविवार झोपलेल्या माणसाला राखण्यात जातो."

चौथ्या बैठकीत गाठ सुटली. मी सहज विचारलं, "पावसाळ्यात सायकल निघालीच नाही असे रविवार किती?"

"चार-पाच."

"त्या दिवशी पब?"

"गेलो होतो. पण आधी बुधवारी घरी ट्रेनरच्या स्टँडवर सायकल लावून दीड तास घाम गाळला होता."

"म्हणजे उधारी आगाऊ फेडलीत."

तो हसला, मग गप्प झाला. बराच वेळ. मीही बोलले नाही. अशा वेळी तोंड बंद ठेवणं हे आमच्या कामातलं अर्धं कौशल्य, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. शेवटी तोच म्हणाला, "उलटंही आहे. एकदा गुडघा सुजला होता, तरी घाट चढलो. नाहीतर दुपारी पबमध्ये कुठल्या तोंडाने बसणार?"

सायकल बिअरसाठी चालली होती. मी वही उघडून त्याचं वाक्य दाखवलं. कमावलेला पगार कोणी सोडत नाही. तो मिळायलाच हवा असतो. मग दोघांची वाक्यं एकाखाली एक लिहिली. त्याचं 'दोनच', 'जायचंच'. तिचं 'सोडलीच पाहिजे'. तिन्हीत 'च'. माणसाला इच्छा छळत नाहीत, त्यांना चिकटलेला आग्रह छळतो, ही माझी जुनी धारणा. 'च' खोडून तीच वाक्यं मोठ्याने वाचायला लावली. 'मला जायला आवडतं' म्हणताना त्याचा आवाज खाली आला. 'त्याने कमी केली तर मला बरं वाटेल' म्हणताना तिला रडू आलं.

पुढचं सगळं व्यवहाराचं, आणि ते अशा प्रत्येकालाच सांगते. राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर तासा-दोन तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत पोटात जायला हवं. बिअरने ही तूट भरत नाही. अल्कोहोल लघवी वाढवतं, थंड घोटाने तहान भागल्यासारखी वाटते इतकंच. घाट चढून स्नायू-यकृतातला साखरेचा साठा आटलेला असतो आणि अल्कोहोल नवी साखर तयार होणं अडवतं. म्हणून रिकाम्या पोटी दोन घोटांतच गरगरतं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर हे धोक्याचं. आधी भाकरी-पिठलं, भात, काहीही भरपेट, मग 330 मिलीची माइल्ड. पाच टक्क्यांची असेल तर 13 ग्रॅम होतं. स्वतःची बिअर बनवणाऱ्या मायक्रोब्रुअरीत टक्केवारी विचारा, सगळ्यांत मिळून मोठा जग, म्हणजे पिचर, मागवू नका. पिचरमध्ये कोण किती प्यालं हे कुणालाच कळत नाही. पिऊन सायकलही चालवायची नाही. पिऊन गाडी चालवण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 185 सायकलला लागू नसेल, पण खड्डा कायदा पाहत नाही.

मात्र सकाळी हात थरथरत असतील, ग्लास घेतल्यावरच थांबत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. एकदम बंदही करू नका, त्याने फिट येऊ शकते, डॉक्टरांकडे जा. पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतं.

शेवटच्या बैठकीत तिनेच सांगितलं. आदल्या रविवारी तो घाट चढून आला, जेवला, मुलांशी कॅरम खेळला. संध्याकाळी ती स्कूटरने आणि तो सायकलने पबला गेले. त्याने एक पाइंट घेतली, दुसरी अर्धी तशीच ठेवली. सायकल तिथेच कुलूप लावून ठेवली आणि तो तिच्या मागे बसून घरी आला. सोमवारी सकाळी सायकल आणायला चालत गेला.